मंगेशला सोडलं तर

प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो, की अवघड कागद आपोआप त्याच्याच टेबलावर जाऊन पडतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या एका पोलीस ठाण्यात तो माणूस म्हणजे सहायक फौजदार रोहिदास भोये. ते फार हुशार होते म्हणून नव्हे, तर कुठल्याही कागदाचा निकाल ते चहा निवायच्या आत लावत म्हणून. त्यांच्याजवळ एक वाक्य होतं. 'सदर इसमास सोडल्यास शांतता व सुव्यवस्थेस धोका निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' गुन्हा दारूचा असो, मारामारीचा असो की बांधावरच्या भांडणाचा, हे वाक्य सगळीकडे बसायचं.

वाचकहो, वाक्य मोठं सोयीचं आहे. पुढे काही घडलं, तर आम्ही आधीच कळवलं होतं असं म्हणता येतं. नाही घडलं, तर विचारायला येतो कोण? सापही मरतो आणि काठीही मोडत नाही.

या वेळचा कागद मात्र दहशतवादाच्या गुन्ह्यातला होता. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा मंगेश दगडखाणीत कामाला होता. खाणीतल्या सुरुंगाच्या काही कांड्या त्याने एका ओळखीच्या माणसाला दिल्या. त्या कांड्या फिरत फिरत शहरातल्या एका टोळीच्या हाती गेल्या आणि भर बाजारात स्फोट झाला. माणसं मेली. 'मासे मारायला मागतोय असं मला वाटलं,' एवढंच मंगेश पहिल्या दिवसापासून सांगत होता. डोहात कांडी फोडून मासे मारायची खोड त्या भागात जुनीच होती. मंगेशला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे कोर्ट ठरवणार होतं. पण वर्षांमागून वर्षं गेली, खटला काही उभा राहिला नाही आणि मंगेश आतच राहिला. आता कोर्टाने विचारलं होतं, हा माणूस जामिनावर गावी आला तर धोका किती? ठाण्याने चौकशी करून कळवावं.

भोयेंनी खुर्चीतूनच चौकशी केली. पाड्याच्या पोलीस पाटलाला, भिकाला, फोन लावला.

"मंगेशच्या घरी कोण असतं रे?"

"आईस हाय त्याची, फागीबाई. पण घर बंद हाय, साहेब. जगायला गेली ती."

जगायला जाणं म्हणजे काय, हे इकडे कोणाला सांगावं लागत नाही. भात झोडून झालं, दिवाळी उरकली, की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर निघतात ते शिमग्यालाच परततात. भोये स्वतः याच भागातल्या जामसरचे. लहानपणी त्यांच्याही घराचं दार असंच ओढून घेतलेलं असायचं. तरी त्यांनी लिहिलं, 'आरोपीची आई घर बंद करून निघून गेली असून तिचा ठावठिकाणा मिळून येत नाही. ग्रामस्थ माहिती देण्यास टाळाटाळ करतात.' खाली आपलं नेहमीचं वाक्य लिहिलं आणि सही केली.

लिहिताना हात अडखळला नाही, वाईटही वाटलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना वाईट वाटत असे. मग हळूहळू ते बंद झालं. कधी झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. आता निवृत्ती जवळ आली होती आणि तेवढे दिवस अंगाला काही न चिकटता जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

मोठ्या साहेबांनी अहवाल चाळला. "भोये, यात स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांचं म्हणणं नाही. आपल्याच भागातली एक बाई आहे ना? तिचा जबाब जोडा. तिचा विरोध असला की काम पक्कं."

ती बाई म्हणजे वर्षा. तिचा नवरा कमलेश त्या दिवशी बाजाराच्या नाक्यावर मजुरीला उभा होता. आता ती एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. भोये गेले तेव्हा ती ओट्यावर बसून परातीतले तांदूळ निवडत होती. त्यांनी कोर्टाचा विषय सांगितला. ऐकताना तिची बोटं खडे वेचतच राहिली.

"ताई, तुमचा विरोध आहे असं लिहू ना?"

"आधी तुमी काय लिवलंय ते वाचा."

भोयेंनी वाचून दाखवलं. वर्षाने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे धोका हाय की नाय?"

"शक्यता नाकारता येत नाही, ताई."

"ते ऐकलं मी. हाय की नाय?"

वर्षाने परात बाजूला ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. बाजाराची यादी सांगावी तशी ती बोलत होती.

"तो सुटला तर राहील कठं?"

"ते... घर बंद आहे त्यांचं."

"त्याच्याजवळ कोण राहील? कोणाकोणाला भेटेल? ज्या माणसानं कांड्या नेल्या, तो कठं हाय?"

"तो आतच आहे."

"आन् ती खाण? चालू हाय का अजून?"

"चालू आहे."

"कांड्या मिळतात का अजून तशाच?"

स्फोटानंतर तपास करणारी मोठमोठी माणसं येऊन गेली होती, कागदांचे गठ्ठे गेले होते. पण ती खाण त्यांच्याच हद्दीत होती आणि तिथल्या सुरुंगाच्या कोठीकडे त्यांनी स्वतः कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं!

"साहेब, तुमी काय बी पायलं नाय," वर्षा म्हणाली. "मना वाटायचं, सरकार बघतंय. मंगेशला आत ठेवलाय म्हंजे कायतरी पक्कं ठावं असंल. आता तुमी सांगता, कोणी बघितलंच नाय."

"ताई, आम्ही तुमच्यासाठीच तर कडक लिहितो. तुमचं एवढं नुकसान झालं..."

"माझं नाव घिऊ नका!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मासे मारायच्या कांड्या काय एकट्या मंगेशनं दिल्या? माझा कमलेश बी आणायचा ते मासे. मीच शिजवायची. अख्खा पाडा खायचा. तवा कोणी म्हटलं नाय, हे वंगाळ हाय म्हणून. ज्या कांडीनं आमाला मासे दिले, त्याच कांडीनं माझा माणूस नेला. तो पोरगा वाईट असंल तर तसं लिवा, का वाईट हाय ते बी लिवा. नसंल तर नाय म्हणून लिवा. पण मेलेल्या माणसाचं नाव लावून कागद भरू नका."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. भोयेंनी अहवाल घडी करून खिशात ठेवला. ते मासे त्यांनीही खाल्ले होते. ठाण्यातही पिशवी यायची आणि कोणी विचारायचं नाही. तोंडाची चव गेल्यासारखं त्यांना झालं, पण रडू आलं नाही. रडू येणारा माणूस ते राहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल खणात टाकला आणि मोटारसायकल काढली.

खाणीवरच्या रखवालदाराने त्यांना ओळखलं. खाट पुढे केली, पाणी दिलं आणि सहज म्हणाला, "साहेब, मासे पाह्यजेत का? खालच्या डोहात मोप हायेत."

"मारतोस कशाने?"

तो हसला. "तुमाला काय ठावं नाय का? ओळखीचा कोणी आला तर एखादी कांडी देतो. पूर्वीपासून चालतंय."

कोठीच्या दाराला कुलूप नव्हतं. कडीत नुसती तार पिळून ठेवली होती. भोयेंनी ती बोटाने सोडवली आणि दार उघडलं. आत कांड्यांची खोकी उघडी पडली होती. ज्या दाराने माणसं मेली, ते दार आजही उघडंच होतं! आणि शांततेला धोका म्हणून आपण कोंडून ठेवलं होतं ते एका मंगेशला. कित्येक वर्षांत प्रथमच भोयेंना भीती वाटली होती आणि ती खुर्चीसाठी नव्हती. त्यांनी तिथूनच ठाण्यात फोन केला, माणसं बोलावली, पंचनामा केला, माल जप्त केला आणि कोठीला सील ठोकलं.

मग ते फागीला शोधायला निघाले. ठावठिकाणा मिळत नव्हता ना? तो भिका पाटलाने एका दमात सांगितला. भट्टी भिवंडीच्या अलीकडे होती, मुकादमाचं नावही त्याला पाठ होतं. त्याला तेवढं कोणी विचारलंच नव्हतं.

फागी कच्च्या विटा उलटत होती. खाकी कपडे पाहून तिने मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली.

"मेला का?" तिने विचारलं.

भोये जागीच थांबले. "नाही, नाही, मावशी! जिवंत आहे. बरा आहे."

"मग कशाला आला?"

तिच्या तोंडावर हायसं वाटल्याचंही दिसलं नाही. वर्षानुवर्षं हा एकच प्रश्न मनात धरून बसलेल्या त्या माउलीचं दुःखही थिजून गेलं होतं. भोये तिच्याशेजारी मातीतच बसले आणि एकेक विचारू लागले. मंगेश आला तर राहील कुठे? फागीचा भाऊ ठाण्याच्याच हद्दीतल्या वांगणीला होता. त्याची थोडी शेती होती, भात आणि नाचणी व्हायची, तो ठेवून घ्यायला तयार होता. खाण तिथून लांब होती. त्याला भेटायला कोणी परका माणूस आला तर? भाऊ पाटलाला सांगेल. पाड्यावर कोणाचा त्याच्यावर राग आहे?

"हाय ना," फागी म्हणाली. "ज्यांची माणसं गेली त्यांचा असणारच. मना बी येतो राग. मी त्याला सांगलं व्हतं, त्या कांडीला हात लावू नको."

ती पोराची बाजू घेऊन रडली असती, तर भोयेंना सोपं गेलं असतं. ती फक्त खरं तेच सांगत होती. भोयेंनी ते तसंच लिहून घेतलं. वांगणीला जाऊन भावाला भेटले, शेजाऱ्यांना भेटले. कारागृहातून मंगेशच्या वागणुकीची माहिती मागवली. त्या टोळीतल्या कोणाशीही त्याचा पुढे संबंध दिसला नव्हता.

नवा अहवाल पाहून मोठे साहेब चपापले.

"हे काय, भोये? 'धोका आहे, पण तो पुढील कारणांनी आटोक्यात ठेवता येण्यासारखा आहे.' उद्या काही झालं, तर तुमची पेन्शन अडकेल. समजतंय ना?"

"समजतंय, साहेब."

"मग जुनं वाक्य काय वाईट होतं?"

"साहेब, त्या वाक्याने मी फक्त स्वतःला वाचवत होतो. ते लिहून आपण निवांत बसलो आणि कोठी उघडी राहिली. धोका शून्य आहे असं मी लिहिलेलं नाही. कुठे आहे, कशाचा आहे आणि त्यावर नजर कोणी ठेवायची, ते लिहिलंय. खाणीजवळ त्याने जायचं नाही, वांगणी सोडायची ती फक्त दर आठवड्याला ठाण्यात हजेरी द्यायला, या अटी सुचवल्यात. यात एखादी गोष्ट खोटी असेल तर मला दाखवा. मी खोडतो."

साहेबांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. मान वर न करताच त्यांनी सही केली.

कोर्टाने त्या अटी घालून जामीन दिला. मंगेश पहिल्या हजेरीला आला, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असूनही भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हटल्यावर बसला. जा म्हटल्यावर उठला. आनंद झाल्यासारखा काही दिसत नव्हता. आनंद व्हायलाही सवय लागते, ती त्याची मोडली होती. दाराबाहेर फागी उभी होती. तिने त्याचा हात धरला आणि लहान पोराला नेतात तसं त्याला नेलं.

त्याच आठवड्यात भोये आश्रमशाळेत गेले. वर्षाला कळवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, पण तिला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. मंगेश कुठे राहतो, कोणाबरोबर राहतो, कधी हजेरीला येतो, खाणीच्या कोठीचं काय झालं, खाणवाल्यावर कोणता गुन्हा लागला.

वर्षाने ऐकून घेतलं.

"मना बरं वाटलं नाय," ती म्हणाली. "वाईट बी वाटलं नाय. पण इतकी वर्सं मी पाड्याच्या वाटेला कोणी अनोळखी दिसला की पोरांना घरात घ्यायची. तो कोण, कशाला आला, काय ठावं नसायचं. आता कोण कठं हाय ते मना ठावं हाय. ती कोठी बंद झाली ते ठावं हाय. झोप लागायला तेवढं पुरं."

बंधूंनो आणि भगिनींनो, असे अहवाल फक्त पोलीस ठाण्यातच लिहिले जातात असं समजू नका. तुरुंगातून सुटून आलेल्याला खोली नाकारताना, ज्याच्या घरावर एकदा पोलीस येऊन गेले त्याच्या पोराला काम नाकारताना, 'उगाच विषाची परीक्षा कशाला' म्हणून आपण हात झटकतो. तो आपलाही अहवालच असतो आणि तोही आपण जागेवर न जाता लिहिलेला असतो. जगात धोका नाही असं कोण म्हणेल? धोका आहे! म्हणूनच उठून, चालत जाऊन, माणसांना विचारून, तो कुठे आहे ते पाहायला हवं. डोळे मिटून व्यक्त केलेल्या भीतीने मेलेल्यांना न्याय मिळत नाही आणि जिवंत माणसांचं रक्षणही होत नाही. ज्याने पाहिलं नाही, त्याने घाबरवू नये. आणि ज्याच्या एका सहीवर कोणाचं तरी घर उघडणार किंवा बंद राहणार आहे, त्याने सही करण्यापूर्वी निदान त्या घरापर्यंत तरी जावं.