टेलरकाकूंचं तुतीचं टेबल

“काकू, तुमचं टेबल पाणी पितं का?”

भुशीनं विचारलं एकदाचं. पैज होती ना. टेलरकाकूंच्या दुकानाबाहेर खिडकीच्या गजांना नाकं लावून तिघी मैत्रिणी उभ्या होत्या आणि तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. भुशीला मात्र हसू येत नव्हतं, कारण ते टेबल तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं.

भुशी काही तिचं खरं नाव नव्हे. सुताराची मुलगी, वेणीत कायम लाकडाचा भुसा, म्हणून वर्गानं केलेलं बारसं ते. पूर्वी ती चिडायची. पण यंदा वाऱ्यानं काकूंच्या दुकानामागची म्हातारी तुती आडवी केली. बाबांनी तिच्या बुंध्याची वीतभर जाडीची चकती कापून आणली आणि “घे, कर तुझं तू,” म्हणून लेकीच्या पुढ्यात टाकली. तेव्हापासून भुशीची कॉलर ताठ. ज्या झाडाखाली काकूंनी अख्खं आयुष्य शिलाई मशीन चालवलं, त्याचंच टेबल त्यांना हवं होतं. भुशीनं साल तशीच राखली, कडा वेड्यावाकड्याच राहू दिल्या, खाली ठेंगणे पाय ठोकले आणि वरचं अंग घासून घासून काचेसारखं केलं. पॉलिश करणारी आई तेवढी कुरकुरली होती, “डबाभर तेल ढोसलं गं तुझ्या लेकरानं, आणि तोंड बघावं तर कोरडं ते कोरडंच.” त्यावर सगळे हसले होते.

आणि आज मैत्रिणींनी येऊन सांगितलं की गणवेश सैल करून घ्यायला गेलो, टेबलावर पाणी सांडलं, आणि फडकं आणेपर्यंत थेंबसुद्धा उरला नाही. “हिंमत असेल तर विचार जा.” भुशीची हिंमत काढायची म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात काठी घालायची. ती तडक आत शिरली.

काकू हसतील असं तिला वाटलं होतं. तोंडाच्या मोठ्या फटकळ. गिऱ्हाईक ‘शर्ट सैल झाला’ म्हणालं, की “शर्ट तोच आहे, तू वाळलास,” असं सुनावणाऱ्या. आज त्या हसल्या नाहीत.

“पितं की,” त्या म्हणाल्या. “बघ.”

त्यांनी इस्त्रीच्या पाण्याची बाटली उचलून टेबलावर फवारा मारला. पाणी पसरलं नाही. लाकडाच्या वर्तुळांवरून गोल गोल फिरत मधोमध सरकलं आणि दिसेनासं झालं. खिडकीतली खुसखुस थांबली. भुशीनं मागं वळून पाहिलं, तर गजांशी कुणीच नव्हतं. हिंमतवाल्या सगळ्या पसार.

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कसली गं? इतकी वर्षं यानं सावली दिली, फळं खायला घातली. घोटभर पाणी मागितलं तर नाही म्हणू?”

काकूंचा डावा तळवा टेबलावर टेकलेला होता. मनगट इतकं बारीक झालं होतं, की घड्याळ ओघळून लाकडाला लागलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या.

“काकू, हात उचला बरं.”

“राहू दे. बरं वाटतं.”

भुशीनं त्यांचं मनगट धरून ओढलं. हात उठेना. चिकटलेला दिसत नव्हता, अडकलेला दिसत नव्हता, नुसता उठत नव्हता. जोर लावायला म्हणून तिनं आपला दुसरा हात टेबलावर टेकवला, आणि वासराच्या तोंडात बोटं दिल्यावर लागते तशी ओढ तिला लागली. मऊ. उबदार. तिच्या घशाला कोरड पडली. हिसका मारून तिनं हात सोडवला, तर तळव्यावर म्हातारीसारख्या सुरकुत्या.

त्या हिसक्यानं ती मागं फरशीवर आदळली. म्हणून तिला ते दिसलं. टेबलाच्या कडेला, सालीतून, एक हिरवागार कोंब फुटला होता. कोंबाचं तोंड फरशीकडे होतं.

सुताराच्या पोरीला आणखी काय सांगायला हवं? कोंब नेहमी शेंड्याकडे जातो. शेंडा खाली, म्हणजे बूड वर.

बाबांची रीत होती: चकती कापली, की बुडाच्या, म्हणजे मुळांकडच्या, अंगाला खडूनं फुली मारायची आणि ते अंग कायम खाली ठेवायचं. झाड जसं उभं होतं तसंच बसवायचं. का, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं, म्हणून ते करत आले. भुशीनं हौसेच्या भरात दोन्ही अंगं घासली होती. फुली कधी पुसली गेली ते कळलंही नाही. मग ज्या बाजूची वर्तुळं देखणी, ती तिनं वर घेतली. “फुली खाली ना?” बाबांनी विचारलं होतं. “मग काय,” म्हणून ती मोकळी झाली होती.

पाणी ओढणारं तोंड तिनं वर केलं होतं, आणि त्या तोंडावर काकूंचा हात होता.

ती दारातून बाहेर पडताना काकू उजवा हातही टेबलावर ठेवत होत्या. हलकेच, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा.

घरी बाबा रंधा मारत होते, आई ब्रश धूत होती. भुशीनं एका दमात सगळं सांगितलं, ‘मग काय’सकट, आणि तळवा पुढे केला. बाबांनी रंधा बाजूला ठेवला.

“पाय काढू आणि उलटं बसवू,” ते म्हणाले. “संध्याकाळी जातो मी.”

“उलटं केल्यावर त्याची तहान जाईल?”

आईनं तिचा तळवा हातात घेतला आणि तेल लावावं तसा अंगठ्यानं चोळला. सुरकुत्या गेल्या नाहीत.

“पहिलं टेबल आहे गं तुझं,” आई म्हणाली. “शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं म्हणून घरभर नाचत होतीस.”

“मांडणार नाही,” भुशी म्हणाली. “ते आता टेबल राहणारच नाही. तुती उभी होती त्याच खड्ड्यात मी ते पुरणार आहे, बूड खाली करून. जमिनीतून काय प्यायचं ते पिऊ दे. पाय मी काढीन, माती मी उकरीन. पण तुम्ही दोघंही आत्ताच्या आत्ता चला. काकूंनी दोन्ही हात टेकवलेत, आणि माझ्या एकटीच्यानं ते सुटत नाहीत.”