गवती टोपीतला देखणा

मी एक जुना देखणा पुरुष आहे, पुठ्ठ्यावर रंगवलेला. डोक्यावर गवती टोपी, गळ्याशी ताठ पांढरी कॉलर आणि जबडा असा, की न्यूयॉर्कचे बाप्ये आरशापुढे तो आणायची खटपट करीत. थोडा गर्व होता मला, खोटे कशाला सांगू?

टोप्यांच्या जाहिरातीसाठी एका चित्रकाराने मला रंगवले. समोर बसायला त्याने टोपीवाले अँटन व्होलेक यांचा मुलगा एमिल निवडला. जाहिरात छापून झाली आणि मूळ चित्र, म्हणजे मी, व्होलेकांच्या दुकानाच्या काचेत आलो. पुढे एमिल महायुद्धावर गेला आणि फ्रान्समध्ये मारला गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून व्होलेक मला रोज मऊ फडक्याने पुसत.

मित्रांनो, आमच्या शहराची एक रीत होती. गवती टोपी उन्हाळ्याची, म्हणून पंधरा सप्टेंबरनंतर ती घालायची नाही. घातलीच, तर कोणीही ती हिसकावून पायाखाली तुडवावी आणि बघ्यांनी हसावे. १९२२ साली मात्र मस्करीची कुस्करी झाली. टोळकी काठ्यांना खिळे ठोकून हिंडू लागली.

“अहो, एमिलला आत घ्या,” रोझालियाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “तारीख उलटली.”

“चित्राला कसली आलीय तारीख? दुकान उघडलं की आधी त्याचं तोंड दिसायला हवं मला.”

त्याच संध्याकाळी टोळके दारात आले.

“ए म्हाताऱ्या, ह्याला कॅलेंडर वाचता येत नाही का? उतरव त्याची टोपी.”

“बाबांनो, तो माझा मुलगा आहे.”

“मग बापानं वळण लावायचं होतं की.”

काच फुटली. खिळा माझ्या कपाळात घुसला आणि हनुवटीपर्यंत फाडत गेला. व्होलेक मध्ये पडले. दुसरी काठी त्यांच्या डोळ्यांवर बसली, मग तिसरी. त्यांचे रक्त माझ्या कॉलरवर ओघळले. मला ओरडता आले नाही, याची चीड अजून जात नाही.

त्यांचे दोन्ही डोळे गेले. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी विचारले, “पोराला लागलं नाही ना?”

“टोपीला ओरखडासुद्धा नाही,” रोझालियाबाई म्हणाल्या. ते खरेच होते. टोळके टोपीसाठी आले आणि तोंड फाडून गेले.

व्होलेक अजून रोज फडके घेऊन येतात. बाई त्यांचा हात धरून टोपीवरूनच फिरवतात, खाली सरकू देत नाहीत.

मित्रांनो, थट्टा करा, पण हातात काठी घेऊन करू नका. टोप्या काय, पुढच्या उन्हाळ्यात नव्या येतात.