इस्त्रीखोलीपर्यंत न पोचलेली हवा

सासू पंख्याखाली बसलेली असताना जावयाने येऊन पंखा कमी करावा, हे मोठीआईला लेकीच्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून खटकत आलं होतं. हा माणूस खोलीत शिरला की माणसांच्या आधी बटणांकडे बघायचा. "दोनवर पुरतो की," म्हणायचा आणि चारवरचा पंखा दोनवर आणायचा. घाम पुसायचा तो सासूने. शेजारीण एकदा कौतुकाने म्हणाली, "काटकसरी मिळाला हो तुम्हाला जावई."

"तर काय," मोठीआई म्हणाली. "शब्दसुद्धा जपून वापरतो, फुकटचे असून."

पण घरातल्या पंख्याचा राग गिळून टाकण्याजोगा होता. खरी गोष्ट पुढे घडली.

तिच्या नवऱ्यामागे पंखे दुरुस्तीचं दुकान जावई चालवत होता. नुसते छताचे पंखे नव्हेत. मोठ्या इमारतींत पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत गार-गरम हवा ढकलणारे ब्लोअर. शिवणकामाच्या कारखान्याचा मालक त्याला म्हणाला, "ब्लोअरची वीज कमी करून दाखव. महिनाभर मीटर बघू. जमलं तर माझ्या बाकीच्या इमारती तुझ्याच." जावयाने पात्यांवरची मळाची पुटं खरवडली, सैल पट्टा बदलला आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी बसवली. पंखा थोडाच हळू केला तरी वीज कितीतरी कमी लागते, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मीटर खरंच मंदावलं. जावयाचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्याच कारखान्याच्या इस्त्रीखोलीत मोठीआईची लेक कामाला होती. ती हल्ली घरी आली की ओलं फडकं कपाळावर घेऊन आडवी व्हायची. विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय, होईल बरं. मग एका संध्याकाळी मनगटाला पट्टी बांधून आली.

"काय झालं?"

"इस्त्री लागली. हात सरकला."

"इतकी वर्षं नाही सरकला तो."

"आई, आता तू सुरू नको होऊस."

म्हणून मोठीआई सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी मलमाची डबी विसरलीस, असं निमित्त करून सरळ कारखान्यात गेली. मालकाच्या खोलीचे पडदे झुळझुळत होते. शिवणाच्या हॉलमध्येही बरं होतं. इस्त्रीखोली मात्र अगदी टोकाला, आणि तिच्या दारातच वाफेने मोठीआईचा चष्मा आंधळा झाला. पुसून बघते तो बायका मानेवर ओली फडकी टाकून उभ्या. वाफ जागची हलत नव्हती. एकीने अस्तराची चिंधी हवेच्या जाळीपुढे धरून दाखवली. चिंधी मेल्यासारखी लोंबत राहिली.

"जावयाची करामत बघायला आलात?" ती म्हणाली. "डोळे भरून बघा. श्वास तेवढा घेऊ नका, तो पुरवून वापरायचाय."

कुणी हसलं नाही. लेक शेवटच्या टेबलाशी एकटी उभी होती. तिच्याशी बोलणं सगळ्यांनी टाकलेलं दिसत होतं. मोठीआईला तिथे धड उभंही राहवेना. भिंतीला धरून ती बाहेर आली.

तशीच दुकानात गेली. जावई पंख्याचं चाक तोलत बसला होता.

"इस्त्रीखोलीत हवा नाही," ती म्हणाली.

"येते. मी स्वतः जाळीला हात लावून बघितलंय."

"कधी?"

"सुट्टीच्या दिवशी. कामात अडथळा नको म्हणून."

"म्हणजे इस्त्र्या गार, माणसं घरी, दारं सताड उघडी. वा."

जावयाने चाक खाली ठेवलं. मग हळूहळू बोलला. डक्टचे सांधे जागोजागी फाटले होते. पंखा जोरात होता तोवर गळून-बिळून का होईना, हवा टोकाला पोचत होती. हळू झाल्यावर ती वाटेतच संपत होती. सांधे बुजवले की हळू पंख्यावरही भागेल. पण त्यासाठी काम बंद ठेवावं लागेल, आणि मालक ऐकत नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"तिचा हात भाजला तेव्हा कळलं. आई, आठवडा राहिलाय. आता वेग वाढवला तर मीटर पळेल, सगळं पाण्यात जाईल. आठवडाभर कळ काढा. तीच म्हणाली, थांबू या म्हणून."

हे शेवटचं मोठीआईच्या काळजात घुसलं. ती उठली.

दुकान तिच्या नावावर होतं. ती पुन्हा कारखान्यात गेली आणि मालकाला तोंडावर सांगितलं, "पंखा पहिल्यासारखा करा. आधी सांधे, मग बचत. महिना नव्याने मोजा."

मालक हसला. "बघतो. हे काम करणारे दुसरेही आहेत, आजी."

"असतील," ती म्हणाली. पण वेग वाढवून होईस्तोवर ती खुर्चीवरून हलली नाही.

घरी आली तर लेकच अंगावर आली. "नाक कापलंस त्यांचं. बाकीच्या इमारती गेल्या म्हणून समज. मी सोसत होते ना? तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?" आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

मोठीआईने द्यायची राहिलेली मलमाची डबी त्या दाराशी ठेवली.

जावई ओट्याला टेकून उभा होता. "निदान मला विचारायचं होतंत, आई. मीच वाढवला असता वेग."

"आठवड्याने," मोठीआई म्हणाली. "ऐका आता, जावईबापू. पंख्यातलं तुम्हाला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी चारचौघांत सांगेन. पण बायको भाजली आणि तुम्ही मीटर बघत बसलात. ती थांबू या म्हणाली ती तुमच्यासाठी. तुम्ही थांबलात ते कुणासाठी? काम आपल्याकडे राहिलं, तर सांधे तुम्ही वर चढून बुजवायचे, आणि हवा बघायची ती इस्त्र्या तापलेल्या असताना, तिच्या टेबलाशी दिवसभर उभं राहून. ती पुरे म्हणेल तेव्हा पुरे. काम गेलं, तर गेलं. उपाशी नाही ठेवणार मी तुम्हाला. पण आजपासून या घरात तुम्हाला जेवण मिळेल, मान मिळणार नाही."