ओठ शिवणारा चतुर

दादाच्या चिमट्यातून घड्याळाचं चाक पुन्हा निसटलं आणि टेबलाखाली घरंगळलं. चिमीने वाकून ते शोधलं, त्याच्या तळहातावर ठेवलं. सकाळी तिला न सांगताच तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता.

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार! डोळे ठणठणीत. म्हातारा होईस्तोवर दुकान चालवा म्हणाले."

"म्हातारा व्हायचा राहिलायस अजून?" असं म्हणत तिने मनोमन देवाला हात जोडले. वहिनी गेल्यावर दादा सावरला तो याच दुकानातल्या टिकटिकीच्या आधाराने. ही खुर्ची सुटली तर माणूस बसेल कुठे?

तेवढ्यात खिडकीतून काहीतरी भिरभिरत आत आलं.

"अगंबाई! दादा, चतुर आला बघ!"

दादाचा हात झटकन ओठांवर गेला.

चिमी खळखळून हसली. खोटं बोलणाऱ्याचे ओठ चतुर शेपटीने शिवून टाकतो, हे लहानपणी त्यानेच तिला सांगितलेलं. तळ्याकाठी चतुर दिसला रे दिसला की ती तोंड दाबून पळत सुटायची. मग साखर कुणी खाल्ली, हे आईला वेगळं विचारावं लागत नसे.

"तुला रे कुणी सांगितली होती ती गोष्ट? केव्हाचं विचारायचंय मला."

"कुणी नाही," तो बोटांच्या फटीतून पुटपुटला. "मीच रचली. साखर तू खायचीस आणि नाव मांजराचं घ्यायचीस."

"वा रे वा! आणि आता रचणाराच घाबरतोय होय?"

दादा हसला, पण हात काही खाली आला नाही. चिमीने त्या हाताकडे पाहिलं, मग टेबलावर ठेवलेल्या चिमट्याकडे. तिचं हसू हळूहळू विरत गेलं.

दोन-तीन घिरट्या घालून चतुर दादाच्या पुढ्यातल्या घड्याळाच्या काचेवर उतरला. लालभडक, पंख पसरलेला, त्याच्या नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर. दादा थेट तिकडेच बघत होता.

"गेला का गं?"

चिमीने काचेकडे पाहिलं. चतुराचे टपोरे डोळे उन्हात लकाकत होते.

"गेला," ती म्हणाली.

दादाने सावकाश हात खाली घेतला, खुर्ची तिच्याकडे वळवली.

"चिमे, ऐक जरा," तो म्हणाला.

ती ऐकत होती, स्वतःच्या ओठांवर घट्ट हात दाबून.