सैल लगामाचा घोडा

मित्रांनो, माझी ओळख मागाहून. आधी ट्रेसा ह्रुस्काला त्या उन्हाळ्यात काय काय मिळणार होतं ते मांडू, म्हणजे पुढचा व्यवहार नीट समजेल. ती आमच्या भागातल्या रोडिओची, म्हणजे घोडेस्वारांच्या खेळांच्या जत्रेची, राणी झाली, तर तिला हॅटवर बसवायचा चमचमता मुकुट मिळणार होता. नाव कोरलेलं खोगीर मिळणार होतं. वर्षभर प्रत्येक रोडिओत सगळ्यांच्या आधी, हातात झेंडा घेऊन मैदानात दौडत शिरायचा मान मिळणार होता. शिवाय, हिच्या कपड्यांना शेणाचा वास येतो म्हणून शाळेत नाक मुरडणाऱ्या मुली कुंपणाशी उभ्या राहून टाळ्या वाजवणार होत्या. माझा अंदाज विचाराल, तर तिच्या लेखी सगळ्यांत महाग बाब हीच होती.

मला काय मिळणार होतं? काही नाही. घोड्याला मुकुट कोण घालतो! मी होतो तिथंच मला राहायचं होतं, एवढंच.

मी डीकन. तपकिरी रंगाचा, दिसायला अगदी साधा, आणि आता म्हातारा झालेला घोडा. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, ट्रेसाच्या वडिलांच्या, म्हणजे व्हर्लिनच्या गुरांच्या कुरणावर माझा जन्म झाला. माझा चेहरा चर्चमधल्या सेवकासारखा गंभीर, म्हणून हे नाव पडलं. मला घडवलं व्हर्लिनने, आणि माझं तोंड एकदाही न हिसकता घडवलं. लगाम सैल असायचा. मानेला चामड्याचा नुसता स्पर्श झाला की मी वळत असे. लगाम ताठ झाला, तर त्याचा एकच अर्थ होता: मागे सर. जितका ताठ, तितका वेगाने मागे. वासराला फासा टाकल्यावर दोर ताणून धरायला हे फार उपयोगी पडे.

"याच्या तोंडात लोखंड नाही, लोणी आहे असं समजून लगाम धरायचा," व्हर्लिन शेजाऱ्यांना सांगायचा.

"मग पावाला लाव की!" शेजारी म्हणायचे आणि हसायचे. पण घोडा पारखायचा असला की त्यालाच बोलवायचे. व्हर्लिनने सांगितलं म्हणजे सांगितलं.

ट्रेसा लहानपणापासून माझ्याच पाठीवर वाढली. राणीच्या स्पर्धेत भाषण करावं लागतं; हिवाळाभर ती मला गोठ्यात भाषण म्हणून दाखवत असे. मी कान हलवला की म्हणे, "घरात तू एकटाच ऐकतोस रे." माझा त्यावर विश्वास बसला होता.

स्पर्धेत शेवटी दोघी उरल्या: ट्रेसा, आणि कुंपणापलीकडच्या ओबर्गांची मार्ला. मार्लाचा घोडा सोनेरी, पांढऱ्या आयाळीचा. जणू आत्ताच आंघोळ करून पावडर लावून आलेला. शेवटच्या फेरीत घोड्यांची अदलाबदल करतात. चढण्याआधी मिनिटभर मालकिणीला विचारून घ्यायचं असतं, घोडा कसा चालतो.

मार्ला मनमोकळी पोरगी. "ए, माझ्याला टाच अगदी हळू लाव हं," ती म्हणाली, "नाहीतर थेट कॅन्ससमध्ये जाऊन थांबशील. आणि तुझे हे पाद्रीबुवा? चावत नाहीत ना?"

ट्रेसाने माझी मान थोपटली. "चावत नाही गं. तोंडाचा जड आहे फक्त. लगाम कच्चून धर. सैल सोडलास की संपलीस."

मी कान टवकारले. मला वाटलं, घाईत उलटं बोलली असेल. आता सुधारेल, मग सुधारेल. ती सोनेरी घोड्याकडे निघून गेली.

मार्लाने लगाम कच्चून धरला. मी मागे सरलो. ती घाबरली, तिने आणखी ओढला. मी आणखी वेगाने मागे गेलो. शिकलो होतो तसाच. लोक हसायला लागले. "अरे बाजूला व्हा, ट्रक मागे येतोय!" कुणीतरी ओरडलं. मग माझं ढुंगण कुंपणाच्या फळ्यांवर आदळलं, मार्ला खाली पडली, तिचं मनगट मोडलं. हसणं थांबलं. व्हर्लिन तेव्हा मागच्या वाड्यात वासरं हाकत होता. धावत आला तोवर मार्ला जमिनीवर होती. घोड्यावरून पडलेल्याने घोड्याची तक्रार करायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मार्लाने दात आवळले आणि ती गप्प राहिली.

ट्रेसाने सोनेरी घोड्याला टाच अगदी हळू लावली. संध्याकाळी मुकुट तिच्या हॅटवर होता.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिन माझ्या कुंपणाशी आला. ट्रेसा मुकुटासह तिथंच होती, फोटो काढून घ्यायचे होते.

"ओबर्गांकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "पोर गुंगीच्या औषधाने झोपली होती. तिचे आईबाप एका शब्दाने बोलले नाहीत. उलट मांसाचं तिखट कालवण न् दालचिनीचे रोल पुढ्यात ठेवले. घास उतरेना. पोरी, तू तिला लगाम सैल धर म्हणून सांगितलंस ना?"

"सांगितलं की, बाबा."

"तरी हा मागे गेला?"

ट्रेसाने मुकुट सरळ केला. "अलीकडे माझ्याशीही असंच करतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. "शेजाऱ्याची पोर पाडणारा घोडा मला ठेवता येणार नाही," तो म्हणाला.

लिलावाच्या रिंगणात विकणारा स्वतः घोड्यावर बसून येतो. सौदा पुकारला जाईपर्यंत त्याला घोडा परत नेता येतो. मला विकायला नेलं त्या दिवशी नवी राणी म्हणून ट्रेसा पुढच्या बाकावर बसली होती आणि मुलांना फोटोवर सह्या करून देत होती.

व्हर्लिनने सैल लगामाने मला फिरवलं. मी वळलो, थांबलो, जीव ओतून चाललो. त्याचा हात थबकला. मग त्याने लगाम हळूच ताठ केला. मी मागे सरलो. सैल केला. मी जागच्या जागी थांबलो. खोगिरावर तो ताठ झाला, आणि त्याने मान वर करून लेकीकडे पाहिलं. तिची सही अर्ध्यावर राहिली.

"व्हर्लिन, अरे हा तर नाचतोय!" लिलाव करणारा रॉस्को ओरडला. "खोड काय याची? सांग बाबा, की घरी नेतोस परत?"

आता बोलेल, असं मला वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. पण त्या वाक्याने मुकुट गेला असता, आणि टेकड्यांमधले लोक लबाडी नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात.

"अडेल आहे," व्हर्लिन म्हणाला. "विनाकारण मागे जातो."

मला पर्यटकांना फिरवणाऱ्या माणसाने घेतलं. रोज नवा माणूस पाठीवर बसतो, घाबरतो, लगाम आवळतो. मी मागे सरतो आणि चाबूक खातो. शिकवलेलं विसरायला मला कुणी शिकवलं नाही.

मित्रांनो, जनावर बिघडलं असं कुणी सांगितलं, तर जनावराकडे नंतर बघा. आधी सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं ते बघा. आणि तुमच्या हातातल्या मुक्या जिवाला काय शिकवलं आहे, ते पुढच्याला खरं सांगा.

तर व्यवहार असा झाला: मुकुट, खोगीर आणि टाळ्या ट्रेसाने नेल्या. मार्लाने मनगट दिलं. व्हर्लिनने त्याचा शब्द दिला, जो तोवर कुणी तपासून घेत नसे. बाकी राहिलेलं मी भरतो आहे. अजून फिटलेलं नाही.