चंद्राच्या शेजारची मोकळी जागा

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर आकाराम घाडगे सांगलीला तीन दिवसांच्या छायाचित्रण शिबिराला जाऊन आला आणि उंब्रजमधल्या माणसांचे फोटो बिघडायला सुरुवात झाली.

त्याआधी दहा वर्षं त्याचा प्रकाश फोटो स्टुडिओ बिनबोभाट चालला होता. गिऱ्हाईक यायचं, पडद्यावर रंगवलेल्या बागेसमोर स्टुलावर बसायचं, आकाराम हनुवटी वर करायला सांगायचा आणि खटका दाबायचा. दोन डोळे, दोन कान आणि मनगटावरचं घड्याळ नीट आलं की माणूस खूश होऊन जायचा. दहा वर्षांत कुणाची तक्रार नव्हती. पण तक्रार नाही म्हणजे आपण कलावंत नाही, असं काहीतरी आकारामच्या डोक्यात शिरलं होतं, आणि एकदा असं शिरलं की ते सहजी निघत नाही.

सांगलीचे आठल्ये सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी शिबिरार्थींना हळदीच्या पेठेत नेलं, पोत्यांच्या रांगा नजरेला आत कशा ओढून नेतात ते दाखवलं. मग कृष्णेच्या घाटावर बसवून कागदावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या. रेघा जिथं छेदतात तिथं माणूस ठेवायचा, मध्ये कधीही नाही. तो ज्या बाजूला बघतो ती बाजू मोकळी सोडायची. उजेड एका कडेनं घ्यायचा, म्हणजे अर्धा चेहरा सावलीत जातो आणि गूढ होतो. “मधोमध उभा राहणारा माणूस पोस्टाच्या तिकिटावर शोभतो,” सर म्हणाले. आकारामने हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

परत आल्यावर पहिला बळी म्हैस होती. धोंडिराम वाण्याला जनावरांच्या प्रदर्शनासाठी म्हशीचा फोटो हवा होता. आकारामने आभाळाच्या पार्श्वभूमीवर एक शिंग आणि एक डोळा घेतला. धोंडिरामने फोटो सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि विचारलं, “गड्या, कास कुठं हाय? लोकं म्हशीचा डोळा बघून दूध काढत्यात व्हय?” आकाराम हसला. अडाणी माणसांकडे बघून कलावंत जसे हसतात तसं हसायलाही तो सांगलीहूनच शिकून आला होता.

हे सगळं म्हशीवर निभावलं असतं तर ठीक होतं. पण घरात लग्नाची बहीण होती.

चंद्रा विशीची, त्याच्याहून बारा वर्षांनी धाकटी. वडील वारल्यापासून तिच्या लग्नाची काळजी आकाराम आणि आई बनुबाई यांच्यावर होती. मलकापूरच्या लालासाहेब थोरातांकडून विचारणा आली तेव्हा बनुबाईला दोन रात्री झोप लागली नाही, इतकं ते स्थळ चांगलं होतं. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस, आणि मुलगा कृष्णात पलटणीत नाईक. मुलगा रजेवर आला होता. चंद्राने त्याला पालीच्या यात्रेत लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून भाकरी थापताना ती मध्येच थांबायची. बनुबाईला ते कळत होतं. मध्यस्थ जोतिबा मुलाचा फोटो देऊन म्हणाला, आधी मुलीचा फोटो द्या, पसंत पडला की बघायला येतील.

कुणाही शहाण्या भावाने बहिणीला पैठणीच्या काठाचा पदर सरळ करून स्टुलावर बसवली असती. आकारामने चंद्राला खिडकीपाशी उभी केली, अगदी डाव्या कडेला. खिडकीचं अर्धं दार लावून घेतलं. तिला उजवीकडे मान करून लांब बघायला लावलं आणि तिच्या शेजारची भिंत तशीच रिकामी सोडली.

“दादा, मी फोटोत मावतीया न्हवं?” चंद्राने विचारलं.

“गप उभी ऱ्हा. ती मोकळी जागा बोलत असती.”

“काय बोलती?”

“तुला न्हाई कळायचं,” आकाराम म्हणाला. त्यालाही ते नक्की माहीत नव्हतं, पण सरांनी सांगितलं होतं.

फोटो खरोखर सुंदर आला होता, हे मान्य करायला हवं. खिडकीतला उजेड चंद्राच्या गालावर असा पडला होता की आकाराम स्वतःच खोलीत दहा मिनिटं एकटा बघत बसला. मग त्याने फोटो जोतिबाच्या हाती दिला आणि एक प्रत आठल्ये सरांना टपालाने पाठवली.

चार दिवसांनी जोतिबा आला तो चहाला नाही म्हणाला. बनुबाईने आधण चुलीवरून खाली उतरवलं.

“शेजारच्याला खरडलंय म्हनत्यात,” जोतिबा म्हणाला.

“कुणाच्या शेजारच्याला?”

“चंद्राच्या. पोरगी कडंला कशी, मधली जागा मोकळी कशी? हितं कुनीतरी उभं हुतं. पयलं लगीन झालेलं असनार, मोडल्यालं असनार, आन नवऱ्याला फोटोतनं काढून टाकलाय. असं बोलतंय ते घर.”

बनुबाईने दार लोटून घेतलं. आकाराम आधी हसला आणि मग त्याचं हसू उतरलं, कारण थोरातांचा संशय बिनबुडाचा नव्हता. निगेटिव्हवरून माणूस खरडून काढण्यात आकारामचा हात कराड तालुक्यात कुणी धरू शकत नव्हतं. भाऊसो पाटलाच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्यांनी कुटुंबाच्या फोटोतून थोरल्याला काढायला लावलं होतं, आणि आकारामने तो असा उचलला की मागच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळासुद्धा परत जागेवर बसवला. नवरा सोडून आलेल्या दोन पोरींचे फोटोही त्याने असेच निस्तरून दिले होते. ही कीर्ती मलकापुरापर्यंत गेली होती आणि इतके दिवस आकारामला तिचा अभिमान वाटत होता.

तो दुसऱ्याच दिवशी मलकापूरला गेला. सुभेदार ओसरीवर ताठ बसले होते. त्यांच्या पत्नी राहीबाई फोटो उजेडाकडे धरून भिंग फिरवत होत्या.

“ही बघा सावली,” राहीबाई म्हणाल्या. “खांद्यापाशी. बाप्याच्या खांद्याची हाय.”

“आवं काकू, ती खिडकीच्या दाराची हाय.” आकारामने खडू मागून घेतला आणि फरशीवर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारल्या. रेघा छेदतात तिथं माणूस का ठेवायचा, नजरेपुढं जागा का सोडायची, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला रंग चढला. हळदीच्या पोत्यांपर्यंत पोचला तेव्हा सुभेदारांनी हात वर केला.

“आमी तीस वर्सं पलटनीत काढली. रांगेतनं एकाला बाजूला हुबा केला तर त्याची कायतरी चूक असती. चूक नसल तर मानूस मधी असतो.”

“निगेटिव्ह आनून दावतो.”

“निगेटिव्ह तूच खरडतूस की रं.”

“मग दुसरा फोटो काढून देतो, मधोमध उभी करून.”

“आता मधी आनलीस तर लोकं म्हनतील, बोभाटा झाला म्हनून मधी आनली.” सुभेदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला. “तुजा त्यो सांगलीचा मास्तर शिकल्याला हाय न्हवं? त्याच्या सहीची चिठ्ठी आन. फोटो काढायची ही रीत हाय, ह्यात खाडाखोड न्हाई, एवढं त्यानं लिहून द्यावं. भावकीला दावायला माज्या हातात कायतरी पायजे. पोराची रजा संपली, रईवारी सकाळी आठच्या गाडीनं जातुया. शनवारी सांजच्याला चिठ्ठी आली तर त्याच येळंला पोरगी बघायला येतो.”

शनिवारी सकाळी आकाराम पहिल्या एसटीने सांगलीला निघाला. चंद्राने त्याच्यासोबत दशम्या बांधून दिल्या आणि ती फाट्यापर्यंत आली. “चिठ्ठीवर तारीख घालायला सांग,” ती म्हणाली.

आठल्ये सर झोपाळ्यावर बसून आकारामने पाठवलेलाच फोटो बघत होते. त्याला दारात पाहताच ते उठून उभे राहिले. इतका मान आकारामला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

“अहो घाडगे, काय काम केलंय तुम्ही! ही रिकामी भिंत पाहिलीत? एकटेपण आहे हो या भिंतीत. मुलगी कुणाची तरी वाट पाहते आहे, आणि तो येणार नाही हे आपल्याला कळतं.”

आकारामला बसायला सांगून सर आत चहाचं सांगायला गेले. तो बसला आणि त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे एका तरुण मुलीचा चौकटीतला फोटो होता. मुलगी बरोबर मधोमध उभी होती. दोन्ही डोळे समोर, दोन्ही कान कुड्यांसकट, हात टेबलावर, टेबलावर फुलदाणी आणि मनगटावर घड्याळ.

“आमची धाकटी,” सर परत येत म्हणाले. “गेल्या महिन्यात जमलं तिचं. पुण्याचे लोक आहेत.”

“फोटो कुनी काढला, सर?”

“मीच.”

“पर ही तर मधोमध हाय.”

“अहो, दाखवायचा फोटो तो!” सर मोठ्याने हसले. “त्यात कसली कला करता? उद्या कुणी म्हटलं, मुलीचा दुसरा डोळा दाखवा, तर?”

आकारामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला या माणसाचा राग आला, अगदी झोपाळ्यावरून खाली ओढावा इतका राग आला. तो बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला.

“आमच्या छायाचित्रण मंडळाची स्पर्धा आहे. आजची शेवटची तारीख. परीक्षकांत मी आहे, म्हणून जास्त बोलत नाही. पण असा फोटो गेल्या सहा वर्षांत आलेला नाही, एवढं सांगतो. भरा बघू.”

आणि आकारामने भरला. नाव, गाव, धंद्याच्या रकान्यात ‘छायाचित्रकार’. शीर्षकाच्या रकान्यापाशी तो जरा अडला, तर सरांनी ‘प्रतीक्षा’ सुचवलं. आकारामला ते फारच आवडलं. मग चहा झाला, मग सरांनी आपला जुना अल्बम काढला, मग सावल्यांविषयी बोलणं निघालं आणि आकारामनेही दोन मतं मांडली. सरांनी मान डोलावली. दुपारच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली आणि इस्लामपूरपर्यंत तो शेतांच्या बांधांकडे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांतून बघत आला.

उंब्रजला उतरला तेव्हा दिवस मावळत होता. घराचं अंगण सारवलेलं होतं. बनुबाईने पोह्यांचा डबा खाली काढून ठेवला होता. चंद्राने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती उंबऱ्यात उभी होती.

“दिली का चिठ्ठी मास्तरानं?”

आकारामचा हात खिशाकडे गेला. खिशात स्पर्धेच्या प्रवेशाची पावती होती. त्याने दुसरा खिसा चाचपला, मग परत पहिला.

“चंद्रे, फोटो स्पर्धेत लागनार हाय. सर म्हनलं, असा फोटो सा वर्सांत...”

“चिठ्ठी इसरलास,” चंद्रा म्हणाली. ती विचारत नव्हती.

“सकाळी पयल्या गाडीनं जातो की परत.”

“त्यांची गाडी आठला हाय.”

बनुबाईने पोह्यांचा डबा उचलून फळीवर ठेवला. मुलाच्या तोंडाकडे बघून तिला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. ती चुलीकडे तोंड करून बसली.

चंद्रा आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. त्यात मलकापूरहून आलेला मुलाचा फोटो होता. स्थळ मोडलं की फोटो परत करायचा, ही रीत. तिने तो बाहेर काढून आकारामच्या हातात दिला. कृष्णात गणवेशात ताठ उभा होता, छाती पुढे, हात शिवणीला लावलेले. आकाराम बघत राहिला आणि लाज वाटण्याची वेळ असताना त्याच्या मनात आलं, उजेड फार सपाट पडलाय.

“सकाळी सांगलीला नगं, मलकापूरला जा,” चंद्रा म्हणाली. “त्ये गाडीत बसायच्या आत ह्यो परत दे. आन असा निरखत बसू नगंस, दादा. त्यो मधोमध हुबा हाय, तुला न्हाई आवडायचा. मला आवडला हुता.”