सुरेखाबाईंच्या वाटचा बर्फ

या हो, जरा जवळ सरका. बायकोसाठी बर्फ आणायला साता समुद्रापलीकडे गेलेल्या एका अबोल माणसाची कथा सांगतो.

"बाबा, चपलांवर कुठे निघालात? बूट तरी घाला!"

लेक वृंदा दारातून ओरडत होती आणि मनोहरपंत अंगणात तोंड वर करून उभे होते. नेदरलँड्समधलं गाव, नावच बेस्ट. नाताळची सकाळ. आल्यापासून नुसता पाऊस. उद्या परतीचं विमान. आज कुठे देवाला दया आली होती.

पंतांचा जन्म तार-ऑफिसात गेला. लोकांचे शब्द छाटता छाटता स्वतःचेही आटले. घरात बोलायचं ते सुरेखाबाईंनी. एकदा कीर्तनात बुवांनी कैलासावरचं हिम असं रंगवलं, की बाईंनी ते बघायचा ध्यासच घेतला. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. मग त्यांनीच बहिणीला सोबतीला बोलावून नवऱ्याला लेकीकडे धाडलं. "बघा आणि मला सांगा. पण तारेसारखं नको हं, बुवांसारखं!"

पंतांनी पुण्याला बाईंना फोन लावला.

"अगं, बर्फ पडतोय."

"अगोबाई! आत व्हा आधी, डोकं फुटेल!"

"गारा नव्हेत गं. हा लागत नाही."

"बर्फ, आणि लागत नाही? मग आहे तरी कसा?"

पंतांना शब्द सुचेना. कापूस म्हणावं, तर कापूस विरघळत नाही. पीठ म्हणावं, तर... तिकडे बाई श्वास रोखून थांबलेल्या.

तेवढ्यात नात मृण्मयी फोनशी येऊन किंचाळली, "आजी, स्नेऊ! स्नेऊ!" तिच्या डच शाळेत बर्फाला म्हणतात तसं.

"काय म्हणतेय पोर? स्नेह?"

वृंदा हसत चूक सांगायला पुढे झाली. पंतांनी हातानेच तिला थांबवलं.

"हो," ते म्हणाले, "स्नेहच. वरून येतोय, पण चाहूल नाही. आपलं-परकं बघत नाही गं, सगळ्यांच्या छपरांवर सारखाच."

 पलीकडून बाईंचा आवाज आला, ओला.

"अहो, मग तो मी दिलेला मफलर सोडा की! माझ्या वाटचाही घ्या अंगावर."

पंतांनी मफलर सोडला. फोन कानाशी धरून उभे राहिले. टकलावर, भुवयांवर, उघड्या मानेवर बर्फ बसत गेला. दोघंही फोन ठेवेनात.

मंडळी, तुमच्याकडे बर्फ पडो न पडो. पण चाहूल न देता काही मऊ अंगावर उतरलं, तर क्षणभर थांबा, आणि पुण्यात फोन कानाला लावून बसलेल्या त्या माउलीची आठवण काढा.